मे महिन्यात मुंबईला येताना

परीक्षा संपल्या, निकाल लागले की आमच्या वस्त्यांत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. विदर्भ, सेवाग्राम, देवगिरी, नंदीग्राम या गाड्यांच्या जनरल डब्यांतून पिशव्या, गावाकडचे तांदूळ, लोणच्याची बरणी आणि झोपेने पेंगुळलेली मुले उतरतात. घाटकोपरची रमाबाई कॉलनी असो, चेंबूर-गोवंडी असो की कुर्ला-मुलुंड, दहा बाय बाराच्या खोलीत पाचाची नऊ माणसे होतात. त्याची कुणाला अडचण वाटत नाही. भाच्यांना समुद्र बघायचा असतो, आजीला चैत्यभूमीवर जाऊन बाबासाहेबांना वंदन करायचे असते. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे तिकडचे पाहुणे जून उजाडला तरी असतात.

या पानावर आम्हाला बोलायचे आहे ते पाहुणचाराच्या या आठ-दहा दिवसांविषयी. मे महिन्यात वस्तीतल्या दवाखान्यासमोर उभे राहून पाहा. रांगेत पाहुणे बरेच दिसतील. कुणाला चक्कर, कुणाला जुलाब, कुणाच्या पोराला ताप. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "मुंबईचं पाणी मानवलं नाही." पाणी हे एक कारण खरेच आहे, पण ते एकटे नाही.

कूलर का चालत नाही?

"मुंबईत कसला आलाय उन्हाळा? आमच्याकडे ४५ असते," हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकतो. आकड्याने पाहिले तर ते बरोबर आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो आणि काही दिवस त्याच्याही वर जातो. मुंबईत तो ३३-३४ च्या आसपास. मग ४५ अंश सोसलेला माणूस ३४ अंशांत चक्कर येऊन का पडतो?

विदर्भातल्या घरी कूलर असतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, मागून कोरडी हवा, आणि खोली गार. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली गार होत नाही, नुसती ओलसर होते. कारण कूलरची सगळी करामत पाण्याची वाफ होण्यात आहे. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिच्यात आणखी वाफ सहज मावत नाही. आपले शरीरही कूलरसारखेच चालते. घाम येतो, त्याची वाफ होते आणि अंग गार होते. नागपूरला घाम आलेला कळत नाही इतका झटपट वाळतो. मुंबईत तो वाळत नाही, कपाळावरून, पाठीवरून नुसता गळतो. गळणारा घाम अंग गार करत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. म्हणजे खर्च पूर्ण आणि काम निम्मे.

हवामान खातेही हा फरक मानते. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीवर तो ३७ अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला, तरी लाट धरतात.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्या मैदानावर बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, विदर्भाच्या हिशेबाने काहीच नाही. त्या उष्माघातात १४ जण दगावले. गर्दीत, उन्हात, पाण्यापासून दूर तासन्तास बसलेल्या माणसांचे काय होते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

यातली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावाकडचे ऊन माणसाला घरात बसवते. दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, बाहेर पडलेच तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. मुंबईचे ऊन तसे भाजत नाही. समुद्रावरून वारा येतो, आभाळात थोडे मळभ असते, पोरे उत्साहात असतात. म्हणून माणूस भर दुपारी गेटवेच्या फरसबंदीवर फोटो काढत फिरतो. शरीर थांब म्हणते ते उशिराच कळते. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर परतीची गाडी आलेली असते.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली खूण. तेव्हाच सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक घ्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झटके आले, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात. मग घाम येत असो वा नसो, वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत स्वस्थ न बसता अंगावर साधे पाणी ओतत राहावे, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. आणि उष्माघातात तापाची गोळी उपयोगाची नाही, तिथे पाणीच ताप उतरवते.

रात्रीची खोली

दिवसभर फिरून आलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला तर ते सावरते. वस्तीतली पत्र्याची खोली तो देत नाही. पत्रा दिवसभर तापतो, माळ्यावर तर रात्री बारापर्यंत उकडते. त्यात नऊ माणसे, एक पंखा आणि बंद दार. यजमानांनी पाहुण्यांना मानाने माळ्यावर झोपवू नये. म्हातारी माणसे, गरोदर बाई आणि लेकरे खालीच, दाराजवळ झोपवावीत.

पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तर आतला उकाडा कमी होतो. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसे गेली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. आपल्या मंडळांनी जयंतीनंतर उरलेल्या वर्गणीतून गल्लीतल्या दहा छपरांना चुना मारला, तर तो खर्च वाया जाणार नाही असे आम्हाला वाटते. पत्र्यावर चढणाऱ्याने मात्र विजेच्या तारा बघून चढावे.

काय, कधी बघावे

फिरणे बंद करा असे आम्ही सांगणार नाही. एवढे भाडे खर्चून माणसे येतात. फक्त वेळ बदला.

चैत्यभूमीला सकाळी लवकर जावे. सात-साडेसातला दादर चौपाटीवर वारा असतो, गर्दी नसते, म्हाताऱ्यांना शांतपणे वंदना घेता येते. राजगृह दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत आहे. स्टेशन ओलांडून जावे लागते, म्हणून मध्ये नाश्ता-पाणी करावे. राणीची बाग दिवसा बघण्यासारखी, कारण तिथे मोठमोठ्या झाडांची सावली आहे. ती बुधवारी बंद असते, हे न कळल्याने दर वर्षी कितीतरी कुटुंबे भायखळ्याला जाऊन परततात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू, गिरगाव चौपाटी ही सगळी संध्याकाळची ठिकाणे. समुद्राचे वेगळे सांगायचे ते जूनपुरते. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळतो. जून २०२३ मध्ये जुहूला चार मुले बुडाली. गावच्या नदीत पोहणाऱ्या मुलाला लाट ओढते म्हणजे काय हे माहीत नसते. त्या दिवसांत गुडघाभर पाण्यातसुद्धा सोडू नये.

आणि कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही बौद्ध लेणी आपल्या लोकांनी जरूर पाहावीत. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण आज आम्हाला तिथल्या पोढी दाखवायच्या आहेत. जवळपास प्रत्येक विहाराशेजारी कातळात पाण्याचे टाके खोदलेले आहे आणि पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून बारीक पन्हाळी कोरल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना याच उन्हाळ्याची जाण होती. हा काळा कातळ दहानंतर तापू लागतो आणि दुपारी खालून-वरून दोन्हीकडून भाजतो. म्हणून उद्यान उघडताच आत शिरावे, आतल्या बसने वर जावे, माणशी दीड-दोन लिटर पाणी न्यावे. पोढीतले पाणी आता पिण्यासाठी नाही. सोमवारी लेणी बंद असतात.

लोकलमध्ये सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ लेकरे घेऊन चढू नये. रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी विचारावे, नाही तर तासभर तापलेल्या फलाटावर उभे राहावे लागते. लहान मुलाच्या खिशात यजमानाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मूल हरवले तर फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना गाठावे किंवा १०९८ ला फोन करावा.

बायका पाणी पीत नाहीत

ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. मुंबई फिरायला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. लघवीला जायचे कुठे, हा तिचा प्रश्न असतो. वस्तीत सार्वजनिक संडासाची रांग, बाहेर स्वच्छतागृह सापडत नाही, सापडले तर आत पाय ठेववत नाही. २०११ पासून मुंबईतल्या कार्यकर्त्या 'राइट टू पी' ही मोहीम चालवत आहेत ती याच कारणाने. पुरुषांना लघवीचे पैसे पडत नाहीत आणि बाईकडून घेतले जातात, हा त्यांचा साधा सवाल होता.

पाणी न पिता दिवस काढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. गरोदर बाईला हा जंतुसंसर्ग झाला तर बाळालाही धोका. म्हणून घरातून निघतानाच ठरवावे : कुठे थांबायचे, कुठल्या स्टेशनवर, कुठल्या उद्यानात सोय आहे. यजमान वहिनीला हे माहीत असते, पाहुण्या वहिनीला नसते. पुरुषांनी बायकांना "थोडं थांब, घरीच जातोय" असे म्हणणे सोडावे. लघवी पिवळीधमक होत असेल तर पाणी कमी पडते आहे, ही खूण प्रत्येकाने आपली आपण बघावी.

अंगावर पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी देऊ नये, कितीही उकडले तरी. त्याला जास्त वेळा पाजावे आणि त्याच्या आईने पाणी प्यावे.

गोळा, सरबत आणि नळ

मुंबईला सात तलावांचे पाणी येते आणि मे महिन्यात त्यांचा तळ दिसू लागतो. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली होती. वस्तीत पाणी ठरावीक वेळच येते. आपल्या नळाचे पाइप कितीतरी ठिकाणी गटारातून किंवा गटाराला लागून जातात. पाणी बंद असते तेव्हा पाइप रिकामा होतो आणि फटीतून बाहेरची घाण आत खेचली जाते. म्हणून नळाचे पहिले पाणी भांडी-धुण्याला घ्यावे आणि पिण्याचे उकळावे. उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवले की पुरे. ओगराळ्याने घ्यावे, पेला बुडवू नये. पाहुण्यांमुळे जादा पिंप भरून ठेवले असेल तर त्यावर झाकण हवेच आणि आठवड्याला एकदा ते रिकामे करून घासावे, कारण डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो.

बाहेरचा मोठा शत्रू बर्फ. महापालिकेने फेरीवाल्यांकडचा बर्फ तपासला तेव्हा त्यात विष्ठेतून येणारे ई-कोलाय जंतू सापडले आहेत. मासे आणि माल गार ठेवायचा बर्फ पोटात जाऊ नये म्हणून तो निळ्या रंगाचा करावा, असा आदेश अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला. निळा असो की पांढरा, हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ कुठून आला हे खाणाऱ्याला कळत नाही. गोळा पाहिला की पोरे हट्ट करतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा शहाळे द्यावे, केळी द्यावीत, घरून लिंबाचे सरबत बाटलीत न्यावे. पत्र्याच्या खोलीत सकाळचा भात दुपारपर्यंत आंबतो, तो "वाया कशाला" म्हणून पाहुण्याच्याच काय, कुणाच्याही ताटात वाढू नये.

जुलाब लागले तर ओआरएस. बंगाली डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपल्यावर पिंपातून मीठ-साखरेचे पाणी लोकांना पाजले आणि पटकीने मरणारी हजारो माणसे वाचवली. तीच ही पुडी. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण एकाच वेळी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये. केलेले पाणी २४ तासांनी फेकावे. लहान मुलाला चमच्या-चमच्याने पाजावे, ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. सोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे १४ दिवस. दुकानात ओआरएससारख्या नावाची गोड पेये मिळत होती. नावात असा वापर करायला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. म्हणून दुकानदार देईल ते खोके न घेता जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागावी. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी पाजत बसू नये, रुग्णालय गाठावे.

सिकलसेल असेल तर

विदर्भातून येणाऱ्या प्रत्येक घराने हा भाग वाचावा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की हाडांत, पाठीत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम, ताप आणि एकदम गरमातून गारव्यात जाणे ही कळा उठण्याची ठरलेली कारणे. आता मे महिन्यातली मुंबईची सहल डोळ्यासमोर आणा. जनरल डब्यात रात्रभर जागरण, पाणी नाही, दिवसभर पायपीट, आणि शेवटी वॉटर पार्कच्या थंड पाण्यात तीन तास. रुग्णाला याहून वाईट काही नाही.

वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्याने भरपूर पाणी प्यावे आणि उन्हात अतिश्रम टाळावेत इतके पुरे. रुग्णाने मात्र हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मोजून, चार दिवसांच्या जादा घेऊन निघावे. सिकलसेलचे कार्ड आणि जुने कागद पिशवीत हवेत. वॉटर पार्क टाळावे. कळा आल्या तर "गॅस झाला", "वात आहे" म्हणत चोळत बसू नये. १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप, एकाएकी पांढरेफटक पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, हातपाय किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला केईएम, शीव किंवा नायरसारखे मोठे रुग्णालय. आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे : "याला सिकलसेल आहे." मुंबईच्या गल्लीतल्या दवाखान्यात असे रुग्ण रोज येत नाहीत, तुम्ही सांगितले नाही तर त्यांच्या मनात येणार नाही.

काही घरांत पाहुणे हे यजमानांपासूनही लपवतात. मुलीचे लग्न जमणार नाही ही भीती असते. ती भीती आम्हाला समजते, पण ज्या घरी दहा दिवस राहायचे त्या घरातल्या एका तरी माणसाला हे माहीत असले पाहिजे. रात्री दोन वाजता पोरगी तळमळू लागली तर धावणार तोच आहे.

परत गेल्यावर

काही आजार मुंबईत होतात आणि गावात उघडे पडतात. विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी, मलेरिया दहा-पंधरा दिवसांनी, दूषित पाण्यातली कावीळ तर कधी कधी महिना-सव्वा महिन्याने दिसते. गरोदर बाईची कावीळ जिवावर बेतू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर शक्यतो हा प्रवासच पुढे ढकलावा. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत ताप आला की लोक पाऊस अंगावर घेतल्याचे कारण धरतात आणि मेडिकलमधून गोळी आणतात. परतल्यावर दोन महिन्यांत कुणालाही ताप आला, डोळे-लघवी पिवळी झाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात "आम्ही मे महिन्यात मुंबईला जाऊन आलो" हे आधी सांगावे आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे. ती तपासणी तिथे मोफत होते.